जॉन्स्टन की मॅकशेन? आयरिश आणि स्कॉच-आयरिश आडनावांच्या शोधाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

मुलीच्या सासरचे कुटुंब अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीपासून पेनसिल्व्हेनियात राहते आणि त्यांचे आडनाव जॉन्स्टन आहे. आपण मूळचे स्कॉटिश की आयरिश, असा प्रश्न आमच्या विहीणबाईंनी विचारला आणि घरातल्या जुन्या कागदांच्या नकला पाठवून दिल्या. स्कॉटलंडहून आयर्लंडच्या उत्तर भागात आणि तेथून अमेरिकेत गेलेल्यांच्या वंशजांना तिकडे स्कॉच-आयरिश म्हणतात. आयर्लंडमधील एका आडनावाचा उगम शोधायचा तर त्याच्या शेजारची आडनावे कशी घडली, कशी बदलली आणि कोणाच्या हातून लिहिली गेली हे समजून घ्यावे लागते. म्हणून या प्रकल्पात जॉन्स्टनबरोबर क्लार्क, स्मिथ, केनेडी आणि मूर ही आडनावेही घेतली आहेत. ही पाचही दिसायला सरळ इंग्रजी किंवा स्कॉटिश आहेत, आणि प्रत्येकामागे एकाहून अधिक उगम आहेत.

एक नियम आजच ठरवून ठेवतो. गाव, धर्मपंथ आणि काळ या तिन्ही गोष्टी हाती आल्याशिवाय कोणत्याही घराण्याच्या आडनावाचा उगम निश्चित म्हणून लिहायचा नाही. पर्यटकांच्या दुकानांत आडनावागणिक कुलचिन्ह छापलेल्या पाट्या आणि चहाचे पेले मिळतात. त्यांत एका आडनावाला एकच उगम आणि एकच ढाल-तलवार दिलेली असते. आपले पूर्वज कोण होते हे लोक त्यावरून ठरवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या मूळ भाषेतली, नावे मी उच्चाराच्या शक्य तितक्या जवळ जाऊन देवनागरीत लिहीन.

११ जानेवारी

गेलिक आडनावाची घडण प्रथम नोंदवतो. ‘मक’ म्हणजे मुलगा, ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. सुरुवातीला हे शब्द त्या त्या माणसाच्या खऱ्या बापाला किंवा आजोबाला जोडले जात आणि पिढीगणिक बदलत. पुढे एखाद्या पूर्वजाचे नाव कायम राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच चालू लागले, तेव्हा त्याचे आडनाव झाले. स्त्रियांच्या नावांत हेच शब्द बदलतात: अविवाहित स्त्रीच्या आडनावाआधी ‘नी’ किंवा ‘निक’ येते, विवाहितेच्या आडनावाआधी ‘ई’ किंवा ‘विक’. इंग्रजी दप्तरात हा भेद पूर्णपणे पुसला गेला आणि बाईही ‘ओ’ किंवा ‘मॅक’ लावू लागली.

‘मॅक’ पूर्ण लिहिले तर स्कॉटिश आणि संक्षेपाने लिहिले तर आयरिश, किंवा याच्या उलट, असा समज फार पसरलेला आहे. त्याला काहीही आधार नाही. दोन्ही एकाच शब्दाची लेखनरूपे आहेत आणि एकाच माणसाच्या कागदांत दोन्ही सापडतात.

१९ जानेवारी

क्लार्क. हे आडनाव पहिल्यांदा घेण्याचे कारण असे, की आयर्लंडमधील, आणि बहुधा युरोपातीलही, सर्वांत जुन्या नोंदलेल्या वंशपरंपरागत आडनावांपैकी एक त्याच्यामागे आहे. गॅलवे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) दक्षिण भागात आयन नावाचा प्रदेश होता. तेथील सरदार टिअरनाख ओ क्लेरी याच्या मृत्यूची नोंद इतिवृत्तांत सन ९१६ खाली येते. मूळ पूर्वजाचे नाव क्लेरेख, म्हणजे धर्मसेवक किंवा लेखनिक. क्लोन्टार्फच्या लढाईत १०१४ मध्ये पडलेला राजा ब्रायन बोरू या नोंदीच्या वेळी जन्मलाही नव्हता, आणि ओब्रायन घराणे तर त्याच्यापासून पुढे सुरू झाले.

ओ क्लेरी घराण्याला पुढे आयन सोडावे लागले. एक शाखा डोनेगलमध्ये ओडोनेल सरदारांच्या आश्रयाला गेली आणि तेथे वंशपरंपरेने इतिहासकार झाली. याच शाखेतील मीहॉल ओ क्लेरी या फ्रान्सिस्कन बंधूने आपल्या सहकाऱ्यांसह १६३२ ते १६३६ या काळात आयर्लंडची जुनी इतिवृत्ते एकत्र करून लिहून काढली. गेलिक सत्ता मोडून पडत होती, आश्रयदाते परागंदा झाले होते, आणि हे लोक जुनी बाडे गावोगाव जाऊन नकलून घेत होते. त्यांचे ते काम नसते तर आज आपण ज्यांच्या आधाराने आडनावे शोधतो त्या वंशावळींचा मोठा भाग हाती उरला नसता.

कॅव्हन काउंटीतील कॅथलिक क्लार्क बहुतेक वेळा ओ क्लेरी निघतो. अँट्रिममधील प्रेसबिटेरियन (प्रॉटेस्टंटांतील एक पंथ) क्लार्क बहुतेक वेळा स्कॉटलंडहून किंवा इंग्लंडहून आलेल्या एखाद्या कारकुनाचा वंशज असतो. दोघांच्याही आडनावाचा अर्थ लेखनिकच आहे, पण दोन घराण्यांत काडीचाही संबंध नाही.

२ फेब्रुवारी

‘ओ’ आणि ‘मक’ गळून त्यांच्या जागी इंग्रजी शब्द कसे आले, हे आज नोंदवतो. इंग्लंड-वेल्सकडून फ्रेंचभाषक नॉर्मन लोक ११६९ मध्ये आयर्लंडमध्ये आले तेव्हा उलट दिशेने बदल झाला होता. द बर्ग घराणे गेलिक उच्चारात मिसळून बर्क झाले. कॉस्टेलो हे नॉर्मन घराणे असून त्याने ‘मक’ लावून घेतले. वेल्समधून आलेल्यांना ब्रानख, म्हणजे ब्रिटन, म्हणत आणि त्याचेच पुढे वॉल्श झाले. फिट्झजेराल्डमधला ‘फिट्झ’ हा फ्रेंच भाषेतला मुलगा आहे. नवे आलेले लोक देशाचे होत होते आणि इंग्लंडच्या राजसत्तेला नेमकी तीच काळजी वाटत होती.

१४६५ चा कायदा या काळजीतून आला. डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलाखालील पट्ट्यात, म्हणजे डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या भागांत, राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजी पोशाख करावा आणि इंग्रजी आडनाव घ्यावे असे त्यात फर्मावले होते. आडनाव कशावरून घ्यायचे तेही सांगितले होते: ट्रिम, कॉर्क यांसारख्या एखाद्या गावावरून, पांढरा, काळा, तपकिरी अशा रंगावरून, लोहार, सुतार अशा धंद्यावरून, किंवा स्वयंपाकी, बटलर अशा पदावरून. लोहारकामावरून आलेले मक गाउन हे आडनाव कॅव्हनमध्ये पुढे मोठ्या प्रमाणावर स्मिथ झाले; लीट्रिम आणि डोनेगलकडे मात्र ते मॅकगोवन म्हणूनच टिकले. कायद्याचा अंमल त्या पट्ट्याबाहेर फारसा नव्हता. आडनावे बदलण्याचा मोठा ओघ सतराव्या आणि अठराव्या शतकांत आला. जमिनी गेल्या, कायदे, करार आणि न्यायालये सगळी इंग्रजीत आली, आणि ‘ओ’ किंवा ‘मक’ लावणारा माणूस नव्या मालकाच्या नजरेत आधीच संशयित ठरू लागला. नावाच्या बदलामागे अशी सक्ती आणि लाचारी होती, आणि हे न सांगता केवळ ‘स्मिथ म्हणजे मक गाउन’ अशी जोडी लावणे मला अपुरे वाटते.

भाषांतर करणाऱ्याला गेलिक येत नसे किंवा अर्धवट येत असे, त्यामुळे चुकीची आडनावेही कायमची चिकटली. मक कॉनरी या आडनावाच्या शेवटी ‘री’ ऐकू येते, आणि गेलिकमध्ये ‘री’ म्हणजे राजा. तेवढ्यावरून अनेक घराणी किंग झाली. हेनेहन वगैरे आडनावांत ‘एन’, म्हणजे पक्षी, असल्याचे गृहीत धरून काहींना बर्ड करण्यात आले. ओ शुन्नी या आडनावाचा कोल्ह्याशी संबंध खरा आहे, म्हणून तेथे फॉक्स हे रूप तरी अर्थाला धरून आहे. किंग आडनावाची माणसे राजवंशातली आणि बर्ड आडनावाची पारध्यांची, अशा कहाण्या त्यानंतर रचल्या गेल्या.

९ फेब्रुवारी

रॉबर्ट मॅथेसन यांचा १८९४ चा अहवाल वाचून झाला. ते आयर्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यात अधिकारी होते. १८९० या एका वर्षातील जन्मनोंदींवरून त्यांनी आडनावांची क्रमवारी लावली: मर्फी पहिले, त्यानंतर केली, सुलिव्हन, वॉल्श आणि स्मिथ. पहिली तीन गेलिक, चौथे वेल्समधून आलेल्यांचे आणि पाचव्यात इंग्रज वसाहतवाले व कॅव्हनचे मक गाउन एकत्र.

या अहवालाचे माझ्या दृष्टीने खरे मोल त्याच्या दुसऱ्या भागात आहे. मॅथेसन यांनी ठिकठिकाणच्या नोंदणी अधिकाऱ्यांकडून माहिती मागवली, तेव्हा एकाच कुटुंबातील माणसे दोन आडनावे आलटून-पालटून वापरतात अशी उदाहरणे ढिगाने आली. लग्नाची नोंद स्मिथ नावाने, मुलाच्या जन्माची मॅकगोवन नावाने. बाप एका आडनावाने ओळखला जातो, मुलगा दुसऱ्या. म्हणजे १८९० पर्यंत आडनाव ही अनेकांच्या घरी अजून घट्ट झालेली गोष्ट नव्हती. त्यामुळे शोध घेताना निर्देशसूचीत एकच स्पेलिंग टाकून ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. ‘ओ’ आणि ‘मॅक’ लावून, न लावून, आणि इंग्रजी पर्यायांसह शोधावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलिक पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू झाली आणि अनेकांनी टाकलेला ‘ओ’ परत घेतला. सुलिव्हनचे ओसुलिव्हन झाले. ‘मक’ त्या मानाने कमी परतला.

१७ फेब्रुवारी

आता अल्स्टर, म्हणजे आयर्लंडचा उत्तरेकडील प्रांत. सप्टेंबर १६०७ मध्ये ओनील आणि ओडोनेल हे सरदार आपल्या माणसांसह रॅथमलनहून जहाजाने युरोपात निघून गेले. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने त्यांच्या जमिनी जप्त केल्या आणि १६०९ पासून अल्स्टरच्या सहा काउंट्यांत इंग्रज व स्कॉटिश कुळे वसवण्याची योजना राबवली: डोनेगल, टायरोन, फर्मॅना, कॅव्हन, आर्मा आणि पूर्वीची कोलरेन, म्हणजे आजची लंडनडेरी. मोठ्या जमीनदारांना १०००, १५०० किंवा २००० एकरांचे तुकडे मिळाले. दर हजार एकरांमागे २४ सशक्त पुरुष, ‘इंग्रज किंवा अंतर्भागातील स्कॉट’, आणून वसवण्याची अट होती. अँट्रिम आणि डाउन या काउंट्या या योजनेत नव्हत्या. तेथे हॅमिल्टन आणि माँटगोमेरी यांनी १६०६ पासूनच स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागातून माणसे आणली होती. पुढे १६९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये पिके बुडाली, तेव्हा तिकडून आणखी एक मोठी लाट आली.

माणसे कोठून आली, हे आडनावांवरून काही प्रमाणात ओळखता येते. कॅम्पबेल, हॅमिल्टन, केनेडी ही एअरशायर आणि पश्चिम किनाऱ्याकडची. आर्मस्ट्राँग, एलियट, निक्सन, जॉन्स्टन आणि ग्रॅहम ही इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची. या सीमेवरील घराण्यांचा गुरे पळवण्याचा आणि एकमेकांवर धाडी घालण्याचा शतकानुशतकांचा उद्योग होता. जॉन्स्टनांनी १५९३ मध्ये ड्राइफ सँड्स येथे मॅक्सवेल घराण्याचा दणदणीत पराभव केला, ती त्या प्रदेशातील शेवटच्या मोठ्या लढायांपैकी एक होय. १६०३ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडचे मुकुट एकाच्याच, जेम्सच्या, डोक्यावर आले आणि त्याने सीमा मोडून काढायला घेतली. फाशी, हद्दपारी आणि धास्ती यांमुळे अनेकजण आयर्लंडला गेले. फर्मॅनात आर्मस्ट्राँग आणि जॉन्स्टन ही आडनावे आजही पहिल्या काहींत मोडतात.

केनेडी आडनावाची फाईल याच ठिकाणी मिटते. टिपेररीकडील ओ किनेदे हे ब्रायन बोरूच्या पुतण्याचे वंशज. एअरशायरचे केनेडी हे स्कॉटिश सरदार घराणे. अध्यक्ष जॉन केनेडी यांचे पणजोबा वेक्सफर्ड काउंटीतील डंगन्सटाउनचे, कॅथलिक, म्हणजे पहिल्या गटातले. अँट्रिममधील प्रेसबिटेरियन केनेडी बहुतांशी दुसऱ्या गटातले. मूर हे आडनाव तिहेरी आहे: लीशचे ओ मोरा, स्कॉटलंडचे म्यूर आणि इंग्रज मूर. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरील, अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांचे तपासणी केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी उघडले, तेव्हा पहिली नोंद अ‍ॅनी मूर या कॉर्क काउंटीतून आलेल्या मुलीची झाली. नुसत्या आडनावावरून तिला तिन्हीपैकी कोणत्याही देशात नेऊन बसवता आले असते.

२६ फेब्रुवारी

जॉन्स्टन. या नोंदीला वेळ लागला, कारण प्रश्नाची सारी गुंतागुंत इथे आहे. स्कॉटिश जॉन्स्टन हे ठिकाणावरून आलेले आडनाव आहे: डम्फ्रीसशायरमधील अ‍ॅनंडेल खोऱ्यात जॉन नावाच्या माणसाची वसती, ‘जॉन्स टून’. शेवटच्या टकाराचा उगम तो. इंग्रजी जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा, त्यात टकार नाही. पण अल्स्टरमध्ये तिसरा प्रवाह आहे. ओनील घराण्याची एक शाखा मक शॉन, इंग्रजीत मॅकशेन, या नावाने टायरोन आणि आर्माकडे राहत होती. शॉन म्हणजे जॉन, तेव्हा मॅकशेनचे सरळ भाषांतर जॉन्सन झाले आणि शेजारी जॉन्स्टनांची दाट वस्ती असल्यामुळे त्यांपैकी काहींच्या नावात टकारही शिरला.

या बदलाचे सार्वजनिक इतिहासातील ठळक उदाहरण सर विल्यम जॉन्सन यांचे आहे. ते मीथ काउंटीत जन्मले, न्यूयॉर्कच्या मोहॉक खोऱ्यात गेले आणि उत्तरेकडील वसाहतींचे मूलनिवासी लोकांशी असलेले संबंध सांभाळणारे ब्रिटिश अधिकारी झाले. १७७४ मध्ये वारले. त्यांचे आजोबा मॅकशेन म्हणून ओळखले जात आणि घराणे टायरोनच्या ओनीलांपासून उतरलेले. विल्यम यांनी कॅथलिक पंथ सोडून प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला होता. अमेरिकेतील कागदांत जॉन्सन नावाचा एक प्रॉटेस्टंट अधिकारी दिसतो. त्यावरून त्याला इंग्रज किंवा स्कॉटिश ठरवणारा पूर्णपणे फसेल.

विहीणबाईंच्या कागदांत तीन गोष्टी उपयोगाच्या आहेत. पेनसिल्व्हेनियातील कंबरलँड काउंटीतल्या प्रेसबिटेरियन चर्चच्या आवारात घराण्याची सर्वांत जुनी समाधी आहे. अठराव्या शतकातील करयादीत मूळपुरुषाचे आडनाव टकाराशिवाय, जॉन्सन असे आहे. आणि घरात तोंडी चालत आलेली माहिती ‘टायरोन’ एवढीच आहे. टकार असण्या-नसण्यावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण कर लिहिणारा ऐकेल तसे लिहीत असे आणि कर भरणाऱ्याला पुष्कळदा आपल्या नावाचे स्पेलिंग विचारलेही जात नसे.

४ मार्च

टायरोनची कागदपत्रे शोधताना प्रत्येक वाट एका तारखेपाशी येऊन थांबते: ३० जून १९२२. आयर्लंडच्या यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील अभिलेखागार स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. जळालेले कागदाचे तुकडे शहरभर उडत होते. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक सर्व भाग, मृत्युपत्रे आणि आयर्लंडच्या प्रस्थापित चर्चच्या नोंदवह्यांचा मोठा हिस्सा त्यात गेला. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनांचे अर्ज सरकारने आधीच नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दी म्हणून लगद्यात गेले. त्यामुळे घरागणिक पूर्ण माहिती देणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची ठरते.

जे वाचले ते बव्हंशी नकलांच्या रूपाने वाचले. टेनिसन ग्रोव्हज हे वंशावळीचे अभ्यासक १९२२ पूर्वी फोर कोर्ट्समध्ये बसून अल्स्टरसंबंधीच्या यादीमागून यादी हाताने उतरवून घेत असत. त्यांची बाडे आज बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागारात आहेत. आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०२२ मध्ये, जगभर विखुरलेल्या अशा नकला एकत्र करून नष्ट झालेले दप्तर संगणकावर पुन्हा उभे करण्याचा प्रकल्प लोकांसाठी खुला झाला. एका माणसाने नेटाने केलेली नक्कल शंभर वर्षांनी मूळ कागदाची जागा घेते, हे पाहून या कामाविषयीचा माझा आदर फार वाढला.

१५ मार्च

उपलब्ध याद्या कालक्रमाने लावल्या. पहिली सुमारे १६३० ची हजेरीयादी. तीत प्रत्येक जमीनदाराखाली त्याच्या ब्रिटिश कुळांची नावे आणि प्रत्येकाजवळचे शस्त्र दिले आहे: तलवार, भाला, बंदूक, किंवा काहीच नाही. ही यादी वसाहतवाल्यांची असल्यामुळे तीत जॉन्स्टन आढळला तर तो सीमेवरचा असण्याची शक्यता मोठी. दुसरी १६६० च्या दशकातील चूल-कराची यादी, घरटी चुलींवर बसवलेल्या करासाठी केलेली. हिच्यात गेलिक आणि वसाहतवाले दोघेही आहेत, त्यामुळे एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, मॅकशेन आणि जॉन्स्टन शेजारी-शेजारी वाचता येतात. तिसरी १७९६ ची जवस लावणाऱ्यांची यादी. धाग्यासाठी लावले जाणारे हे जवस, म्हणजे फ्लॅक्स, अल्स्टरच्या लिनन धंद्याचा कणा होते, आणि लागवड वाढावी म्हणून एक एकर लावणाऱ्याला चार चरखे व पाच एकर लावणाऱ्याला एक माग बक्षीस देण्यात येत असे. त्या वाटपाची ही यादी. साठ हजारांच्या आसपास नावे पॅरिशवार लावलेली आहेत आणि टायरोन व डोनेगल तीत भरघोस आहेत. आपले घराणे त्याआधी अमेरिकेत गेले होते, पण मागे राहिलेले भाऊबंद कोणत्या पॅरिशमध्ये होते हे तीवरून अंदाजता येते.

१८२३ ते १८३७ मधील दशमांश कराच्या वह्या आणि १८४७ ते १८६४ मधील ग्रिफिथ यांची जमीन-मूल्यांकन यादी या पुढच्या. ग्रिफिथच्या छापील पानावर नकाशाचा क्रमांक, टाउनलँड, कुळाचे नाव, ज्याच्याकडून जमीन खंडाने घेतली त्याचे नाव, घर-गोठ्याचे वर्णन, एकर-रूड-पर्चमधील क्षेत्र आणि पौंड-शिलिंग-पेन्समधील मूल्य अशा ओळीने रकाने येतात. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाची अनेक कुळे असली तर कुळाच्या नावापुढे कंसात बापाचे नाव घातलेले आढळते, आपल्याकडे सातबाऱ्यावर लागते तसे. टाउनलँड हा तेथील सर्वांत लहान महसुली घटक असून आयर्लंडभर असे साठ हजारांहून अधिक आहेत. एखाद्या घराण्याचे टाउनलँड सापडले की निम्मे काम झाले असे समजावे.

२८ मार्च

विषयाला धरून असलेली, आणि मराठी वाचकाला जवळची, एक छोटी नोंद. असईच्या लढाईत २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठ्यांसमोर उभा ठाकलेला सेनापती आर्थर वेल्स्ली हा आयर्लंडमधील इंग्रज वसाहतवाल्यांच्या घराण्यातला होता, आणि त्याचे आडनाव रक्ताने आलेले नव्हते. त्याचे आजोबा रिचर्ड कॉली यांना वेस्ली नावाच्या नातलगाची मालमत्ता १७२८ मध्ये वारशाने मिळाली, तेव्हा त्यांनी वेस्ली आडनाव धारण केले. पुढे घराण्याने वेल्स्ली हे जुने रूप पुन्हा स्वीकारले आणि आर्थर १७९८ पासून तशी सही करू लागला. मालमत्तेबरोबर आडनाव घेण्याची ही पद्धत जमीनदार घराण्यांत वारंवार दिसते.

६ एप्रिल

अमेरिकेकडची बाजू. १७१८ च्या उन्हाळ्यात अल्स्टरहून पाच जहाजे बोस्टनला पोहोचली. त्यात अ‍ॅघाडोवीचे धर्मोपदेशक जेम्स मॅकग्रेगर आणि त्यांचे अनुयायी होते. त्यांनी पुढच्या वर्षी न्यू हॅम्पशायरमध्ये वसवलेल्या गावाला लंडनडेरी हे नाव मिळाले. निघण्यापूर्वी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर सॅम्युएल श्यूट यांच्याकडे पाठवलेल्या अर्जावर तीनशेहून अधिक पुरुषांच्या सह्या आहेत, आणि सहीऐवजी नुसती खूण करणारे त्यात अगदी थोडे. स्वतःच्या हाताने लिहिलेली इतकी आडनावे एका जागी मिळणे दुर्मीळ. वाढलेले खंड, प्रेसबिटेरियनांना सरकारी पदांपासून दूर ठेवणारा १७०४ चा कायदा आणि १७७० च्या दशकात मंदावलेला लिननचा धंदा, या कारणांनी स्वातंत्र्ययुद्धापर्यंत अल्स्टरहून गेलेल्यांचे अंदाज एक लाखापासून अडीच लाखांपर्यंत दिले जातात. पुष्कळसे पेनसिल्व्हेनियात उतरून कंबरलँड आणि शेननडोआ खोऱ्यांतून दक्षिणेकडे गेले. ते स्वतःला बहुधा नुसते आयरिश म्हणवीत. ‘स्कॉच-आयरिश’ ही ओळख रूढ झाली ती १८४५ नंतरच्या दुष्काळात कॅथलिक आयरिश लोंढा अमेरिकेत आल्यावर, त्यांच्यापासून वेगळेपण दाखवण्यासाठी.

‘आमचे नाव एलिस बेटावर बदलले’ ही कहाणी जवळजवळ प्रत्येक अमेरिकन घरात ऐकू येते. तेथील अधिकारी जहाज निघतानाच तयार झालेल्या प्रवाशांच्या यादीवरून नावे तपासत. नवी नावे देण्याचे काम त्यांचे नव्हते. आडनावे बदलली ती आधी आयर्लंडमध्ये किंवा नंतर शाळेत, कारखान्यात, नागरिकत्वाच्या अर्जावर.

आडनावावरून वंश ठरवण्याची सवय किती दूरवर जाते, याचे एक उदाहरण मला अस्वस्थ करते. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेने देशागणिक कोटे बांधण्याचे ठरवले आणि त्यासाठी १७९० च्या जनगणनेतील गोऱ्या लोकांचे मूळ देश अंदाजले गेले. आधार मुख्यतः आडनावांचा. कोणते आडनाव खास आयरिश, कोणते खास स्कॉटिश, अशा याद्या करून प्रमाणे काढली गेली आणि १९२९ पासून त्यांवर बेतलेले कोटे लागू झाले. कॅव्हनचा मक गाउन तेथे स्मिथ म्हणून इंग्रजांत मोजला गेला असण्याची शक्यता उघड आहे. त्याच कायद्याने आशियाई लोकांना, म्हणजे आपल्या लोकांनाही, दार बंदच केले होते.

२० एप्रिल

जनुकीय चाचणीबद्दल विहीणबाईंनी विचारले होते, म्हणून नोंद. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आडनावाच्याच वाटेने चालते, त्यामुळे पुरुष वंशजाची चाचणी येथे उपयोगी पडते. २००६ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी दाखवले, की आयर्लंडच्या वायव्य भागात दर पाच पुरुषांपैकी सुमारे एकाच्या वाय गुणसूत्राची ठेवण सारखी आहे, आणि ओनीलांचा दंतकथेतला पूर्वज नीअल याच्याशी तिचा संबंध सुचवला. हीच ठेवण स्कॉटलंडच्या सखल भागातही आढळते. म्हणून ती सापडली एवढ्यावरून मॅकशेन म्हणता येणार नाही. अ‍ॅनंडेलच्या जॉन्स्टनांच्या आणि ओनीलांच्या ज्ञात वंशजांशी थेट, अधिक बारकाईची तुलना करावी लागेल. घरातील एका वडीलधाऱ्या चुलत सासऱ्यांनी चाचणीला संमती दिली आहे.

३ मे

मूळपुरुषाच्या मृत्युपत्राची नक्कल काउंटीच्या दप्तरातून आली. आपले आडनाव त्याने स्वतः लिहिले आहे आणि त्यात टकार आहे. त्याहून मोलाची गोष्ट खालच्या ओळीत आहे: साक्षीदार दोन, एक आर्मस्ट्राँग आणि दुसरा निक्सन. स्थलांतर करणारी माणसे एकटी जात नसत; शेजारी, सोयरे आणि एकाच चर्चची मंडळी बरोबर निघत आणि नव्या जागी पुन्हा शेजारी बसत. जॉन्स्टन, आर्मस्ट्राँग आणि निक्सन हे त्रिकूट सीमेवरच्या खोऱ्यांतून फर्मॅनाकडे आलेल्यांचे आहे, आणि फर्मॅनाला लागून असलेल्या टायरोनच्या दक्षिण पट्ट्याशी, क्लॉहर खोऱ्याशी, ते सहज जुळते. प्रेसबिटेरियन समाधीही त्याच बाजूला वजन टाकते, जरी विल्यम जॉन्सन यांच्या उदाहरणामुळे पंथाला मी निर्णायक पुरावा मानत नाही.

विहीणबाईंना आज पत्र लिहिले. त्यात असे नोंदवले आहे: “आपले घराणे स्कॉटलंडच्या अ‍ॅनंडेल खोऱ्यातील जॉन्स्टनांपैकी, दक्षिण टायरोनमार्गे आलेले असण्याची शक्यता अधिक, मॅकशेन असण्याची शक्यता कमी, पण अद्याप बाद नाही. चाचणीचा अहवाल आणि क्लॉहर पॅरिशच्या १७९६ च्या यादीतील नावे यांची तुलना झाल्यावर पुढील मत कळवीन. तोपर्यंत कुलचिन्हाची पाटी कृपया घेऊ नये.” क्लॉहर आणि त्याच्या लगतच्या पॅरिशांची यादी उतरवून घेण्याचे काम उद्यापासून हाती घेतो.